हेडफोनमधली तोंडवली

दसरा उलटला की देवबागेत सकाळचा वारा फिरतो. पावसाळाभर समुद्राकडून येऊन दारं-खिडक्या आपटणारा वारा गळपटतो आणि पहाटेपासून जमिनीकडून दुसराच एक हलका वारा वाहू लागतो. मतलई. अंगाला तो कळतो, पण माझ्या कानांना आधी कळतो. इतके दिवस लाटांच्या गदारोळाखाली दबलेले आवाज एकेक करून वर येतात. खाडीपलीकडची देवळातली घंटा, झावळ्या तासणारा कोयता, होडीच्या इंजिनाचं खोकणं, शेजारच्या होमस्टेमध्ये गरम पाणी कधी येणार म्हणून हिंदीत कुरकुरणारा पाहुणा. सिनेमांसाठी आवाज टिपणं हा माझा धंदा. आमची ही म्हणते, "शेजाऱ्यांची भांडणा ऐकूचे पैशे मेळणारे तुमीच एकटे." तिचं अगदीच चूक नाही.

किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं ओढून करायची मासेमारी, सुरू होण्याचे हे दिवस. एरवी मी कुठेही चित्रीकरणावर असलो तरी या दिवसांत काहीतरी खोटंनाटं सांगून घरी पळून येतो. यंदा आलो, आणि आल्यापासून मला हा वारा नकोसा झाला आहे. कारण या वाऱ्याबरोबर गेल्या वर्षीचे हेच दिवस परत येतात, आणि त्या दिवसांत मी एक गोष्ट ऐकली होती.

गेल्या वर्षी या सुमारास मी उत्तरेकडच्या एका थंड शहरात होतो. आपल्या देशाच्या महिला फुटबॉल संघावर एक माहितीपट निघत होता. सामन्यांचा नव्हे, सामन्यांच्या मागचा. सराव, जेवणं, दुखापती, खोल्यांमधल्या गप्पा, हरल्यावरचं रडणं. कॅमेरा एक, कॅमेरावाला एक, दिग्दर्शिका अनन्या, तिची मदतनीस, आणि हेडफोन लावून सगळ्यांच्या पाठीमागून चालणारा मी. टीव्हीवर सामना बघताना फुटबॉल हा डोळ्यांचा खेळ वाटतो. त्या शिबिरात तो मला कानांनी कळला. सिमेंटच्या बोळातून बुटांचे खिळे वाजवत मुली मैदानाकडे निघाल्या की जांभ्यावरून शेरडं चालल्यासारखा आवाज यायचा. दवाने भिजलेल्या गवतावर चेंडू घसरताना कापड फाटल्यासारखा वाजायचा. गोलकीपरच्या हातमोज्यात नीट बसलेला चेंडू 'थप्' असा एकच बोलायचा, आणि नीट न बसलेला दोनदा. थोड्या दिवसांनी मी डोळे मिटूनही सांगू लागलो असतो, चेंडू धरला की सुटला. या कानांचा मला भारी माज होता.

जेवणाच्या मेजावर पाच-सहा भाषा ऐकू यायच्या. मणिपूरच्या मुली आपापसांत, झारखंडच्या आपापसांत, हरियाणाच्या सगळ्यांशी मोठ्याने. मी वरण-भात कालवत बसायचो आणि हिंदीत हसायचो. तर एके दिवशी राखीव गोलकीपरच्या कॉलरखाली माईक लावत होतो. उंच, सावळी, हाताचे पंजे हे एवढे. मी चिमटा जरा वर लावला असेन, तर ती पुटपुटली, "गळ्याक लागता मेल्याचा."

माझ्या हातातली टेप खाली पडली. "तू खंयची गो?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तोंडवली. आणि तुमी?"

"देवबाग."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि एवढी हसली की कॅमेरावाला धावत आला. त्याला वाटलं काहीतरी चुकलं. तिचं नाव दर्शना. बाप रापणीवर, आई सुकी मासळी आणि पाहुण्यांच्या खोल्या सांभाळते. "बरा झाला गावलात," ती म्हणाली. "हयसर मालवणीत रागावूक कोणी गावत नाय." मग तिने माईकच्या कमरेला खोचायच्या डबीवरचा दिवा कशाचा म्हणून विचारलं. मी सांगितलं, "हिरवी बत्ती म्हंजे चालू. तेवा शिव्या घालू नको."

आमच्या धंद्यात एक रीत आहे. कॅमेरा बंद झाला की आवाजवाल्याने माणसाची वाट बंद करायची. कॉलरवरचा माईक लगेच काढता येत नाही, म्हणून आपल्या यंत्रावरची त्या माणसाची खुंटी खाली ओढायची आणि हेडफोन गळ्यात घ्यायचे. माणूस संडासात जातो, घरी फोन करतो, कुणाला तरी शिव्या देतो. ते आपलं नसतं. मी ही रीत कधी मोडली नव्हती. दर्शनाच्या बाबतीत मोडली. बाकी सगळ्यांची खुंटी खाली, तिची तेवढी वर.

वाईट हेतू नव्हता, असं मी स्वतःला सांगत असे. आणि नव्हताच. त्या परक्या थंडीत माझ्या कानात तोंडवली वाजत होती. ती एकटी असली की स्वतःशी बोलायची. चेंडूला म्हणायची, "खंय चललंस रे मेल्या?" बुटाची नाडी सुटली की तिला दरडावायची. व्यायामशाळेतल्या सायकलीवर बसून धापा टाकत भजन म्हणायची, सूर सोडून. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून हे चोरून ऐकायचो आणि मला घरी गेल्यासारखं वाटायचं. चोरून या शब्दाला दुसरा शब्द नाही. तेव्हाही ठाऊक होतं, आणि तरी खुंटी वरच राहिली.

आता इथे, देवबागेत, सकाळी चहा घेऊन ओसरीवर बसलो की खाडीच्या बाजूने कोणीतरी मालवणीत कोणाला तरी हाका मारत असतं. वर्षभरापूर्वी मी या आवाजाला भुकेला होतो. आता तो आला की मी उठून आत जातो.

शेवटचा सामना जिंकला तर संघ पुढच्या फेरीत जाणार होता. त्याच्या आदल्या दिवशी पहिल्या गोलकीपरला सणसणून ताप भरला, आणि दर्शनाचा नंबर लागला. इतकी वर्षं बाकावर बसलेली पोर. कोचनी सगळ्यांसमोर नाव घेतलं तेव्हा ती नुसती मान डोलवत राहिली. दुपारचा सराव झाला. सगळे चहाला गेले. मी कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात केबल गुंडाळत बसलो होतो, हेडफोन कानावर. आत ती एकटी होती. टेपच्या पट्टीचा चर्रर्र आवाज आला. गोलकीपर मुली बोटांना पट्ट्या लावतातच, त्यात नवल नव्हतं. मग ती बोलू लागली.

"आये... ऐकतंस मां?... बोट मोडला गो माजा. उजव्या हाताचा. मघाशी चेंडू इलो तेवा कट्ट करून वाजला... नाय, कोणाक दाखवक नाय. पट्टी लावलंय वरसून... उद्या माका खेळवतले... कसा धरतलंय मी, आये? मूठच मिटत नाय... कोणाक सांगू नको. तुका सांगितलंय तेवढा पुरे."

मध्ये मध्ये ती थांबत होती. त्या थांबण्यात मला तिची आई ऐकू येत होती. म्हणजे फोनमधला आवाज कॉलरवरच्या माईकला कुठून मिळणार, पण मी तो मनानेच भरला. कुठली तरी साधी कोकणी आई, रडवेली, 'देवाक नारळ ठेवतंय' म्हणणारी. मग एकदम मला स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच्या लेकीचं आईशी चाललेलं बोलणं आपण ऐकतो आहोत. मी हेडफोन काढले, खुंटी खाली ओढली, आणि केबल खांद्यावर टाकून निघून गेलो. त्या क्षणी मला वाटलं होतं, आपण आता कुठे सभ्य माणसासारखे वागलो.

आणि गप्प बसलो. संध्याकाळच्या जेवणाला कोच माझ्या समोर बसले होते. त्यांनी मला लोणचं दिलं. मी मूग गिळून गप्प. कारणं भरपूर होती. चोरून ऐकलेलं सांगायचं कसं? आपलं काम आवाज टिपण्याचं, चुगल्या करण्याचं नव्हे. तिनेच आईला सांगितलं होतं, कोणाला सांगू नको म्हणून. पण या सगळ्याच्या तळाशी एक वेगळंच कारण होतं, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आपल्या किनाऱ्यावरची मुलगी देशासाठी गोलात उभी राहणार होती. तोंडवलीला मांडव घालून पडदा लावला होता. आमच्या हिने फोनवर सांगितलं, देवबागचीही अर्धी माणसं तिकडे चालली आहेत. मला ते व्हायला हवं होतं. एका बोटापायी ते राहायला नको होतं. तिच्या बोटापायी.

सामन्यात शेवटापर्यंत ती उभी राहिली. उड्या मारून काय काय अडवलं तिने, मनगटांनी, कोपरांनी, छातीने. माझ्या हेडफोनमध्ये प्रत्येक चेंडू दोनदा बोलत होता. आणि मग सामना सरता सरता एक साधा, सरळ चेंडू आला. शाळकरी पोरानेही धरावा असा. तो तिच्या हातांत आला आणि हातांतून गेला.

हरल्यानंतर त्या खोलीत आम्ही चित्रीकरण केलं. अनन्या म्हणाली, रूम टोन घे. म्हणजे कोणीही न बोलता त्या खोलीचा नुसता आवाज टिपायचा, पुढे संकलनात जोडायला लागतो. एरवी मला ओरडावं लागतं, सगळे गप्प बसा म्हणून. त्या दिवशी सांगावंच लागलं नाही. पंखा, एक गळका नळ, कोणाचं तरी नाक ओढणं. दर्शना कोपऱ्यात हातमोजे न काढता बसली होती. काढले असते तर बोट दिसलं असतं. तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राच्या काट्याकडे बघत राहिलो.

नंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. देशभर तिची चेष्टा झाली. बोट मोडल्याचं दुसऱ्या दिवशी उघड झालं, पण कोणी ते मनावर घेतलं नाही. हरल्यावर आठवलेलं दुखणं, असं म्हणाले. शस्त्रक्रिया उशिरा झाली आणि नीट लागली नाही. ते बोट आता वाकत नाही. संघातून ती गेलीच. मालवणच्या मासळीबाजारात कोळंबी घेत होतो, तेव्हा एकजण दुसऱ्याला म्हणाला, "तिच्या हातातसून बांगडो पन सटकतलो." आजूबाजूचे हसले. मीही हसलो. न हसलो असतो तर कोणी विचारलं असतं, तुला काय झालं, एवढीच ती भीती.

परवा अनन्याचा फोन आला. माहितीपट जवळजवळ तयार आहे. संकलन करताना त्या दुपारचा आवाज सापडला आहे. मी केबल गुंडाळत होतो तेव्हा यंत्र टिपतच होतं, खुंटी ओढेपर्यंतचं सगळं त्यात आहे. तिला भाषा कळत नाही, पण रडवेला सूर कळतो. म्हणाली, हा आपल्या चित्रपटाचा प्राण आहे, तू भाषांतर करून पाठव, खाली अक्षरं टाकू. मी म्हणालो, इथे वीज नाही. वीज होती. मग म्हणालो, नेटवर्क नाही. तेही होतं. कोकणात राहण्याचा एवढा एक फायदा आहे, या दोन गोष्टींवर कोणीही विश्वास ठेवतं. पण किती दिवस? शेवटी स्कूटर काढली आणि तोंडवलीला गेलो. आधी तिला सांगायला हवं होतं की मी ऐकलं आहे. पुढचं तिने ठरवावं.

घराच्या अंगणात तिची आई सुंगटं, म्हणजे बारकी कोळंबी, वाळत घालत होती. वाळत्या सुंगटांवर मतलई वाहत होती आणि सगळं अंगण खारट झालं होतं. मी देवबागचा, शिबिरात होतो, म्हटल्यावर तिने पदराला हात पुसले, खुर्ची दिली, चहा टाकला. मग स्वतःहूनच सुरू झाली. "बोट मोडलेला माका टीव्हीवाल्यांनी सांगितल्यानी. पोटच्या पोरीन एका शब्दान सांगूक नाय. त्या दिसा मी फोनाकडे बघत बसलंय, पन हिचो फोन काय येवक नाय. बरा ह्या?"

मी चहा फुंकत बसलो. मनात म्हटलं, माऊली लेकीचा शब्द पाळते आहे. कोणाला सांगू नको म्हणाली होती ना ती. इतक्या महिन्यांनंतरही पाळते आहे. मला तिच्याविषयी फार आदर वाटला. आणि तिच्यापेक्षा मला जास्त ठाऊक आहे, असंही वाटलं.

दर्शना किनाऱ्यावर होती. रापण ओढणं चाललं होतं. समुद्रात अर्धगोल टाकलेल्या जाळ्याचे दोन दोर दोन बाजूंना, आणि दोराला लागलेली माणसं पाठमोरी पाऊल पाऊल मागे सरकत होती. तिचा बाप पाण्यात कमरेएवढा उभा राहून ओरडत होता. ती दोराला होती. मी चपला काढल्या आणि तिच्या मागे दोर धरला. रापणीत कोणीही येऊन दोराला लागलं तरी कोणी का म्हणून विचारत नाही. तिने मान वळवून पाहिलं.

"दादा? तुमी खंयसून उगावलात?"

"असोच इलंय."

ओल्या दोराचा कुरकुर आवाज. तिच्या उजव्या हाताचं एक बोट दोराला लागतच नव्हतं, सरळ उभं होतं. त्या बोटाकडे बघत मी बोललो. "दर्शना, माका एक सांगूचा आसा. मॅचीच्या आदल्या दिसा तू आवशीवांगडा फोनार बोललंस, तेवा तुजो माईक चालू होतो. मी सगळा ऐकलंय."

ती ओढायची थांबली नाही. "म्हायत आसा."

"म्हायत?"

"हिरवी बत्ती होती मां. तुमीच दाखवललात."

"मगे आवशीवांगडा असा बोललंस कित्याक?"

"आवशीवांगडा खंय बोललंय?" ती म्हणाली. "फोन लावकच नाय मी. नुसतो कानाक धरललो. आवस हयसून काय करतली होती? मी तुमका सांगलंय, दादा."

दोर माझ्या हातांतून सरकला आणि मागचा माणूस ओरडला. मी परत धरला.

"सरळ सांगूचा मां माका," मी म्हणालो.

"सरळ सांगूक जमला नाय. पयल्यांदाच नंबर लागललो. आपल्या तोंडान 'मी खेळूचंय नाय' कशी म्हणू? म्हटला, तुमी ऐकशात, कोचाक सांगशात. कोच माका बसवतीत, मी रडतलंय, भांडतलंय, पन कोणी तरी अडवल्यान असा तरी होयत." ती एक पाऊल मागे सरकली, मीही सरकलो. "सकाळी बस सुटासर कोच बोलवतीत म्हणान वाट बगी होतंय. मगे समाजला, तुमी हेडफोन काढलात आसतले."

मी म्हणायला हवं होतं, नाही, मी सगळं ऐकलं होतं. ऐकूनच गप्प बसलो. तिने मला सुटायला एक वाट दिली होती, आणि एक क्षणभर मी त्या वाटेने जाणारही होतो. पण मघाशीच म्हणून बसलो होतो, सगळा ऐकलंय. तिलाही ते आठवलं असावं. ती आणखी एक पाऊल मागे सरकली.

तिच्या फोनमधल्या त्या थांबण्यांत आईचा आवाज नव्हता. तिथे कोणीच नव्हतं. ती माझ्यासाठी जागा सोडत होती. आणि चेंडू धरला की सुटला हे डोळे मिटून सांगणारा मी त्या रिकाम्या जागेत नारळ ठेवणारी आई बसवून मोकळा झालो होतो. वर्षभर मी चोरून ऐकल्याचा अपराध वागवत होतो. तो कुणाचा अपराधच नव्हता. तिने मला ऐकू दिलं होतं. अपराध त्यानंतरचा होता, लोणचं वाढून घेतलेल्या त्या जेवणाचा.

जाळं वर आलं. आरडाओरडा झाला, कावळे आणि कुत्रे जमले, बांगडे वाळूवर तडफडत पडले. वाटे घातले. तिच्या बापाने मला ओळख ना पाळख एक वाटा दिला. मी नको नको म्हटलं, तर म्हणाला, "दोराक हात लावलास मां? मगे घी." दोराला हात लावणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो, त्यात मानपान नसतो. मी पिशवी पसरली.

निघताना दर्शना स्कूटरपाशी आली. मी माहितीपटाचं विचारलं. तो आवाज घालू द्यायचा का?

तिने हातांची वाळू झाडली. "घाला," म्हणाली. "पन मी आवशीक सांगलंय असा लिवू नकात. लोक माका बोलले ते बोलले. उद्या आवशीक म्हणतीत, म्हायत असान गप रवली. तिका खरा काय्येक म्हायत नाय."

येताना रस्ताभर बांगड्यांचा वास येत होता. घरी आलो तर हिने ते हौसेने घेतले, तिखलं केलं. मी जेवलो. मग ओसरीवर बसून तो आवाज ऐकत एकेक ओळ हिंदीत उतरवली आणि पाठवून दिली. शब्दाला शब्द, काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. पहिलाच शब्द 'आये' होता. तोही तसाच ठेवला.

आज सकाळी वारा जमिनीकडून वाहत असताना अनन्याचा फोन आला. तिचा आवाज भरून आला होता. म्हणाली, वाचून रडले. बिचारी मुलगी, आणि बिचारी ती आई, तिला सगळं ठाऊक होतं आणि ती गप्प राहिली. मग म्हणाली, एक ओळ वर टाकायची आहे, प्रेक्षकाला कळायला, की ती कोणाशी बोलते आहे. 'आईशी फोनवर', एवढंच लिहू ना?

मी म्हणालो, "नाही. फोन लागलेला नव्हता."

"मग कोणाशी बोलते आहे ती?"

"माझ्याशी."